सुजाताचा होकार

सुजाता साळवे ‘हाव’, म्हणजे ‘हो’, म्हणाली की शीड वर जायचं. थट्टा नाही, खरंच जायचं. अजूनही आमच्या नांदेडच्या ऑफिसात कुणी ‘हाव’ म्हणालं की माझे हात आपोआप दोर शोधतात.

सुजाता मुरुडची. लातूरजवळचं मुरुड, तिथं समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला. पण शिडाच्या जहाजावर शिकायला आलो त्या पहिल्याच सकाळी कप्तानसाहेब तिच्यापुढे थांबले आणि खूश झाले.

‘‘मुरुड? वा! म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरची की तू!’’

‘‘हाव सर!’’ ती खणखणीत ओरडली. सरांना नाही कसं म्हणायचं, हे तिचं कारण.

आता गंमत बघा. दोर ओढायचा आमचा हुकूम इंग्रजी होता, ‘हीव!’ वाऱ्यात धड काही ऐकू येत नसे. ‘ह’नं सुरू होऊन ‘व’वर संपलं की ओढायचं, एवढंच पोरांना ठाऊक. तिचा होकार ऐकून दोर धरून उभ्या पोरांनी जीव खाऊन ओढलं. शीड फडफडत वर गेलं आणि कप्तानसाहेबांचा चहा कपबशीसकट पाण्यात गेला.

दुसऱ्यांदा चूक माझी. मी लांबून विचारलं, ‘‘जेवलीस का गं?’’ तिचं ‘हाव’ आलं, झालं! त्या शिडावर आचाऱ्यानं लुंगी वाळत घातली होती. लुंगी डोलकाठीच्या टोकाला जाऊन बसली आणि खालून आचारी बोंबलत राहिला.

आम्ही पोट धरून हसलो, कप्तानसाहेब नाही. ‘‘उद्या दोरात कुणाची बोटं सापडली तर? पुन्हा हा शब्द ऐकला, तर सुजाता, पुढच्या बंदरात तुला उतरवीन.’’

संध्याकाळी ती माझ्याजवळ बसून रडली. ‘‘मला लई आवडून राहिलंय गं इथं. घरी न्हाई जायचं मला.’’ मला भारी वाईट वाटलं. मी तिची शिकवणीच घेतली.

‘‘नुसतं ‘हो’ म्हण.’’

‘‘हो म्हणलं की बैल थांबवून राहिल्यावानी वाटतं.’’

‘‘मग ‘होय’ म्हण.’’

‘‘होय म्हणलं की बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं बसल्यावानी वाटतं.’’

शेवटी ती नुसती मान हलवू लागली. डोलकाठीवर चढूनही मानच हलवायची. खालून कुणाला दिसणार? कप्तानसाहेब आणखी चिडायचे.

बंदर आलं. आम्ही दोर धरून उभे होतो. कप्तानसाहेब तिच्यासमोर आले. ‘‘मान हलवू नकोस. तोंडानं सांग. या जहाजावर राहायचंय तुला?’’

तिनं ‘हो’साठी ओठ गोल केले. ‘होय’साठीही करून पाहिले. डोळे भरून आले. आणि मग सगळं बंदर दणाणलं, ‘‘हाव सर! लई राहायचंय!’’

पण एकाही पोरानं दोर ओढला नाही.

कप्तानसाहेबांनी आमच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मिशीतल्या मिशीत हसले. ‘‘कुणाला तरी उतरवायचंच, तर त्या ‘हीव’ला उतरवू. आजपासून हुकूम मराठीत. चला, ओढा!’’

आम्ही ओढलं. सुजाता मात्र डोळे पुसत कठड्याकडे धावली आणि वाकून खाली बघू लागली.

‘‘ओढा? कुठं हाय, सर? मला तर समदा समुद्रच दिसून राहिला!’’