दोन हळदींचं कुंकू

आमच्या गावाच्या फुटबॉल टीमची बैठक आमच्या अंगणात भरते, कारण कॅप्टन माझा भाऊ आहे आणि अंगण मोठं आहे. बैठक म्हणजे सहा-सातजण संध्याकाळी पायरीवर आणि मोटरसायकलींवर बसून भांडतात. कोणाला खेळवायचं, कोणाला बसवायचं, सरावाला कोण आला नाही, रेफ्रीने दिलेली पेनल्टी खरी होती का. परदेशी क्लबांवरूनही ते तितक्याच जिव्हाळ्याने भांडतात, पण शेजारच्या गावाच्या टीमचा विषय निघाला की आवाज खरा चढतो.

मी त्या बैठकीत कधी बसले नाही. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडते, मी तिच्याआड असायचे. बाहेर एखाद्या नियमावरून अडलं की दादा मोबाइल चार्जिंगला लावायच्या निमित्ताने आत यायचा आणि हळू विचारायचा, "आपल्याच माणसाने मागे दिलेला पास गोलकीने हातात घेतला तर काय गं?" मी सांगायचे. तो बाहेर जाऊन ते स्वतःचं म्हणून सांगायचा. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. माझं वाक्य त्याच्या आवाजात अंगणात ऐकू यायचं आणि ते कोणी मध्येच तोडत नसे. माझ्या आवाजात ते तितकं टिकलं नसतं.

मी कर्जतच्या इंग्रजी शाळेत शिकले. खेळाचे नियम मोबाइलवर इंग्रजीत वाचायला मला कंटाळा येत नाही, हा त्याचा फायदा. तोटा असा, की वाचलेलं डोक्यातही इंग्रजीतच राहतं. दादाला सांगताना माझे निम्मे शब्द इंग्रजी असायचे. बाहेर जाईपर्यंत तो ते आमच्या बोलीत बसवायचा.

मागच्या दिवाळीनंतर दादाचं लग्न झालं. वहिनीचं माहेर खोपोलीच्या अलीकडच्या एका गावात. तिचे दोन्ही भाऊ फुटबॉल खेळतात, हे लग्न ठरताना दादाने मला तीनदा सांगितलं होतं. तेव्हाच मला जरा सावध व्हायला हवं होतं.

आमच्याकडे चहाचा ट्रे मी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचे आणि दादा तो बाहेरून उचलायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच बैठकीला वहिनीने ट्रे उचलला, दारातून बाहेर गेली आणि परत आत आलीच नाही. पायरीवर बसली. आमचा गोलकी तेव्हा सांगत होता, की रविवारच्या मॅचमध्ये आमच्या डाव्या बाजूच्या गड्याला उगाच पिवळं कार्ड मिळालं.

"म्हंजे हळद लागली म्हणा की त्याला," वहिनी म्हणाली.

एकदोघं हसले. गोलकीने विचारलं, "आन् लाल कार्डाला काय म्हणाल वयनी?"

"कुंकू. कुंकू लावलं की निघायचं. मग त्या घरात थांबायचं नाय."

"आन् दोन पिवळी झाली तर?"

"दोन हळदींचं एक कुंकू."

अंगण खदखदलं. हळदीपासून कुंकू होतं हे त्या मुलांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे, पण वाक्य बरोबर बसलं. "वयनी, तुमी आधी कुठं होता?" गोलकी म्हणाला. "खोपोलीला," ती म्हणाली, आणि पुन्हा सगळे हसले. दादाही हसत होता. तो हसताना तिच्याकडे बघत होता आणि बाकीचे त्याच्याकडे बघत होते, जणू ते वाक्य त्याने कमावून आणलं होतं.

मी खिडकीत चहाचं गाळणं हातात धरून उभी होते. हाच नियम मला शाळेपासून माहीत होता, त्यातले इंग्रजी शब्द क्रमाने पाठ होते. त्या शब्दांवर कोणी हसलं नसतं, आणि ते कोणाच्या लक्षातही राहिले नसते.

आईला ते आवडलं नाही. "हळदीकुंकवाची चेष्टा करू नये गं," ती वहिनीला म्हणाली. वहिनी लगेच "चुकलं आई" म्हणाली. पण आठवड्याभरात आईच मावशीला फोनवर सांगत होती, "आमच्या पोराला काल हळद मिळाली, बाई. पंचाशी बोलायला गेला म्हणून." तिकडून मावशीने विचारलं असावं कुठली हळद, कारण आईने मग सगळं समजावून सांगितलं, वहिनीचं नाव घेऊन.

दादाचा मोबाइल आता त्यांच्या खोलीत चार्ज होऊ लागला. त्यात काही विशेष नाही, लग्न झालेल्या माणसाचा मोबाइल त्याच्या खोलीतच असणार. पण त्याचं आत येणं थांबलं. नियमाचा प्रश्न आला की तो पायरीकडे वळून म्हणायचा, "काय गं, तुझे भाऊ काय करतात अशा वेळी?" वहिनीचं निम्मं उत्तर चूक असायचं. उरलेलं निम्मंही तिला खात्रीने माहीत नसायचं. पण ती ते अशा थाटात सांगायची, की विचारणाऱ्याचं समाधान होऊन जायचं.

मी एका दुपारी बसून स्वतःची एक म्हण तयार केली, ऑफसाइडसाठी: वाढायच्या आधीच जेवायला बसलेला. मला ती चांगली वाटली. भांडी घासताना मी ती दोनदा मोठ्याने म्हणून पाहिली. संध्याकाळी बाहेर ऑफसाइडचा विषय निघाला तेव्हा मी खिडकीजवळ गेले आणि घसा साफ केला. तेवढ्यात गोलकी नवीन जर्सीच्या रंगाबद्दल बोलायला लागला. ती म्हण अजून कोणी ऐकलेली नाही.

मग जानेवारीत तालुक्यातली स्पर्धा आली. भातकापणी होऊन मोकळ्या झालेल्या शेतातले बांध सपाट करून मैदान केलं होतं. उद्घाटनाला नारळ फुटला, माइकवरून नियम सांगितले गेले, तेव्हा आमची टीम नव्या जर्सीत फोटो काढत होती. मी बायकांच्या बाजूला उभी राहून ऐकत होते. माइकवाल्याने स्वच्छ सांगितलं, की साखळी सामन्यांतली पिवळी कार्डं पुढच्या फेरीत धरली जाणार नाहीत. सगळ्यांची पाटी कोरी होईल.

दादाला साखळीतल्या सामन्यात एक पिवळं कार्ड मिळालं. उपांत्य सामन्यात दुसरं. आम्ही जिंकलो, रविवारी अंतिम सामना, आणि त्या संध्याकाळी अंगणात कोणी आनंदाने बोलत नव्हतं. दादाने खेळायचं की नाही?

"एक आन् एक दोन," गोलकी म्हणाला. "दोन हळदींचं कुंकू. सरळ हाय."

"वेगळ्या मॅचमधली हायत रं," डाव्या बाजूचा गडी म्हणाला.

"हळद ती हळद. खेळवला आन् समोरच्यांनी हरकत घेतली तर कप जाईल हातचा."

"आयोजकांना फोन लाव की मग."

"फोन लावला तर त्यांना आठवण करून दिल्यासारखं होईल."

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. तिच्या नवऱ्याचा सामना होता. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि म्हणाली, "नियम तो नियम. तुमी बसा बाहेर."

 दादा सातवीपासून त्या टीमसाठी खेळतोय आणि अंतिम सामना आम्ही पहिल्यांदाच खेळणार होतो. त्याने पायातला बूट काढला, त्यातली माती झटकली आणि नुसताच हातात धरून बसला. बाकीचे लगेच त्याच्या जागी कोण, यावर आले. एकजण सरावाला उशिरा येतो, दुसऱ्याने शुक्रवारी पलीकडच्या गावाच्या टीमकडून खेळून जर्सी मिळवली होती, त्याला शिस्त म्हणून घ्यायचंच नाही. माझा भाऊ पायरीवर बसलेला असताना ते त्याची जागा वाटत होते.

मी थांबले होते. मला खात्री होती की आता तो आत येईल. इतक्या मोठ्या प्रश्नासाठी तरी येईल. मी मोबाइलची वायर सॉकेटला लावून ठेवली, म्हणजे त्याला निमित्त शोधायला नको. तो उठला. दाराशी आला. आणि आत डोकावून म्हणाला, "वहिनीची शाल दे गं बाहेर, थंडी वाजतेय तिला."

मी शाल दिली. ती देताना मी ठरवलं होतं की आता काहीच सांगायचं नाही, बसू दे त्याला बाहेर. तो वळला, त्याच्या हातात अजून तो बूट होता. मी खिडकीतून बोलले. माझा आवाज मलाच शाळेतल्या भाषणासारखा वाटला.

"एकाच सामन्यात दोन पिवळी कार्डं मिळाली तर लाल होतं. दादाची वेगवेगळ्या सामन्यांतली आहेत. आणि साखळीतलं कार्ड पुसलं गेलंय. उद्घाटनाला माइकवर सांगितलं होतं."

 गोलकी खिडकीकडे बघत राहिला, जणू भिंतच बोलली. मला वाटलं वाक्य पोचलंच नाही. मग वहिनी शाल पांघरता पांघरता सावकाश म्हणाली, "म्हंजे असं, की एका वाटीतल्या दोन हळदींचं कुंकू होतं. एक हळद ह्या घरची, एक त्या घरची, त्याचं कुंकू नाय होत."

"हां," गोलकी म्हणाला. "आता कळलं."

अंगणातला ताण सुटला. दादाने बूट पायात घातला, उगाचच, आणि त्याची पाठ कोणीतरी बडवली. 'एका वाटीतली' हे दोन शब्द तिथून निघेपर्यंत प्रत्येकाने एकदा तरी म्हटले. नंतर दादा रिकामे कप घेऊन आत आला. इतकं खूश मी त्याला लग्नातही पाहिलं नव्हतं. "तुझ्या वहिनीला कसं सुचतं बघ," तो म्हणाला. "मी तर आशाच सोडली होती." मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो म्हणाला, "तूपण बरं लक्षात ठेवलंस हां." मी नळ सोडला आणि कप विसळायला घेतले.

रविवारी हरकत आलीच. समोरच्या टीमचा माणूस आयोजकांकडे गेला, कॅप्टनला दोन कार्डं आहेत म्हणाला. आमचा गोलकी तिथे धावला आणि हात नाचवत वाट्या समजावू लागला. आयोजक हसले, माइकवाला हसला, आणि सामना सुरू व्हायच्या आधी त्याने सगळ्या मैदानाला ते ऐकवलं. "एका वाटीतल्या हळदीचं कुंकू होतं, मंडळी. कॅप्टन खेळणार."

बायकांच्या बाजूलाही हशा झाला. आमच्या शेजारी शेलूकडून आलेल्या एक मावशी होत्या. त्यांनी वहिनीला कोपराने ढोसलं. "हे तुझंच ना गं?"

"बोलणं माझं," वहिनी म्हणाली. "नियम आमच्या ताईंचा. त्यांनी सांगितलं नसतं तर आमचे हे आज माझ्याशेजारी बसले असते. मीच बसवलं होतं त्यांना." आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तिच्यावर मनात धरायला माझ्याकडे एवढं एकच उरलं होतं, की ती माझं श्रेय घेते. तेही तिने सगळ्यांसमोर परत करून टाकलं, आणि तेही माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत. सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. मी मैदानाकडे बघितलं.

"मग सांग तू," मावशी मला म्हणाल्या, "तुझा भाऊ तिथं मधीच खाली का बसला? हा कुठला नियम?"

"बुटाची नाडी बांधतोय," मी म्हणाले.

त्या सगळ्या मोठ्याने हसल्या. मी विनोद केला नव्हता. पण हसू माझ्या बोलण्यावर आलं होतं, आणि ते अंगावर येताना बरं वाटलं, उन्हात बसल्यावर वाटतं तसं. मी दादाने ऐकलं का ते पाहायला मान वर केली. तो उठून उभा राहिला होता आणि आमच्या दिशेने अंगठा तोंडाशी नेऊन पाणी मागत होता. बाटली माझ्या हातात होती. मी झाकण फिरवून पाहिलं, घट्ट आहे ना, आणि पाऊल पुढे टाकलं. तोवर वहिनीने ती माझ्या हातातून घेतली, साडी एका हाताने वर धरली आणि पांढऱ्या रेषेपर्यंत पळत गेली.