केस कशाला म्हणायचं

खडे पारखणाऱ्या ऑफिसात तिला सगळे भिंगबाई म्हणायचे. एका डोळ्याला भिंग लावून सव्वीस वर्षं ती त्याच खिडकीपाशी बसली होती. काम शिकवलं ते तिच्या थोरल्या बहिणीने. तामड्याच्या, म्हणजे गडद लाल खड्याच्या, पोटात 'केस' दिसला की तो अस्सल, हा तिचाच धडा. दोघी एकाच घरात राहायच्या. पुढे ताईचे हात थरथरायला लागले, भिंग डोळ्यापाशी ठरेना, आणि तिला काम सोडून घरी बसावं लागलं. सुरुवातीला ती रोज खोदून खोदून विचारायची: आज काय आलं, रंग कसा, आत काय दिसलं? मग विचारणं कमी झालं आणि गेल्या वर्षापासून बंदच पडलं. धाकटीने आपणहून सांगायला घेतलं तरी "असेल" म्हणून तोंड फिरवायची. ते "असेल" भिंगबाईच्या फार जिव्हारी लागायचं.

शेवटी तिने ठरवलं, ताईच्या हातात भिंग राहत नाही ना, मग खड्याच्या पोटातलं सगळं मोठं करून तिच्यापुढे मांडायचं. मोबाइलने फोटो काढून पाहिला, तर नुसता लाल ठिपका. ऑफिसने मोडीत काढलेला कॅमेरा तिने मागून घेतला. आता घोडं अडलं होतं मॅक्रो लेन्सपाशी. बारकं मोठं करून दाखवणारी हवी आणि खिशालाही झेपायला हवी.

जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात ती सलग तीन शनिवार गेली. पर्समध्ये कागदाच्या पुडीत स्वतःचा तामडा. दुकानदाराने आधी साहजिकच सगळ्यांत महागडी लेन्स काढली.

"मॅडम, ही आपोआप फोकस करते. फुलपाखरू असो, मुंगी असो, सुटायचं नाही."

"माझा खडा कुठे पळून जाणार आहे?"

पुढच्या शनिवारी त्याने एक स्वस्त, बुटकी लेन्स दाखवली. ती खड्याच्या इतकी जवळ न्यावी लागे की तिचीच सावली खड्यावर पडे. भिंगबाईने ती परत दिली. "थोडं लांब उभं राहून जवळचं बघणारी नाही का तुमच्याकडे? दिव्याला जागा नको?"

तिसऱ्या खेपेला कपाटाच्या तळातून एक जुनी, लांबट, हाताने फिरवायची लेन्स निघाली. किंमत नवीच्या निम्म्याहून कमी. "आत धूळ आहे हं, आधीच सांगतो," दुकानदार म्हणाला. भिंगबाईने पर्समधून भिंग काढलं आणि लेन्सच तपासायला घेतली. दुकानदार बघतच राहिला.

"कडेला आहे, मध्ये नाही. चालेल."

"तुम्ही करता काय हो मॅडम?"

"लोकांच्या खड्यांच्या पोटातलं बघते."

रविवारी सकाळी तिने खिडकीला पांढरा कागद लावला आणि तामडा मेणावर बसवला. लेन्स केसभर फिरवली की आतला एक थर स्पष्ट व्हायचा आणि बाकी सगळं धूसर. तिच्या नाकी नऊ आले, पण फोटो निघाला. तिने तो टीव्हीवर लावला.

"असेल," ताई न बघताच म्हणाली. मग तिची मान वळली. "मध्ये उभी राहू नकोस, सरक. वा, केस किती स्वच्छ आलेत."

"हो ना, कसे ओळीने बसलेत."

"ओळीने? अगं, ते ठिपके आहेत. केस हे." ताई उठली आणि थरथरतं बोट पडद्यावर टेकवलं. तिथे एकमेकींवरून गेलेल्या बारीक, सुयांसारख्या रेघा होत्या.

भिंगबाई गारच झाली. भिंगात एकाच डोळ्याला जागा, तिथे बोट कोण ठेवणार? ताईने विचारावं, केस दिसला का, आणि तिने म्हणावं, दिसला. दोघींनी वर्षानुवर्षं एकाच शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी पाहिल्या होत्या. अस्सल तामड्यांत दोन्ही बहुतेक एकत्रच असायच्या, म्हणून पारख कधी चुकली नाही, इतकंच. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, मी इतकी वर्षं भलतंच बघत होते गं."

ताईचं लक्षच नव्हतं. ती टीव्हीला नाक लावून उभी होती.

"हे ठिपके मला कधी दिसलेच नाहीत. तुला नेहमी दिसतात?"

"नेहमी."

"असे ओळीनेच? कडेला की मधोमध?" उत्तराची वाट न बघता ताईने खुर्ची टीव्हीपाशी ओढली. "डबीतला दुसरा तामडा काढ. त्यातही आहेत का बघू दे मला."