काकांचा दणदणीत हॉर्न

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांचा आवाज जन्मात कधी चढला नाही. त्यांच्या जुन्या गाडीचा हॉर्नही तसलाच, मांजरीच्या पिल्लासारखा. रस्त्यातलं कुत्रंसुद्धा त्याला भीक घालत नसे.

"गाडीलाही तुमचंच वळण लागलंय," काकू म्हणाल्या.

ते वर्मी लागलं. काकांनी ट्रकला शोभेल असा हॉर्न बसवून घेतला. पहिल्यांदाच दाबला, तर समोरचे आजोबा असे दचकले की पिशवीतले बटाटे रस्ताभर झाले. काकांनी उतरून ते वेचून दिले, वर माफी मागितली.

तेव्हापासून कुणी आडवं आलं की काका काच खाली करून हळूच सांगतात, "दचकू नका हं, हॉर्न वाजवतोय." लोक टुणकन बाजूला होतात.

एवढ्या दणदणीत हॉर्नवर पुन्हा तोंड उघडायची वेळच आली नाही. काकूंपुढे काकांवर जशी येत नाही, तशीच.