वहिनीची पाण्याची गोळी

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घाटकोपरला डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात त्या शनिवारी दादा वहिनीवर जाम चिडला होता... खरं तर घाबरला होता.

वहिनी तेव्हा जेमतेम तेहतीसची. काही महिन्यांपूर्वी तिला पॅरॅलिसिसचा झटका येऊन गेला होता. पण उजवा हात हळूहळू कामाला लागला, बोलणं सुधारलं, आणि अंधेरीच्या कारखान्यात रेडिओचे पार्ट जोडायला ती परत जाऊ लागली. आम्हाला वाटलं, सुटलो!

त्या दिवशी मात्र प्रेशर इतकं वाढलेलं, की डॉक्टरबाईंनी पट्टा सोडून पुन्हा बांधला. आकडा तोच.

"रोज सकाळी मी स्वतः हिच्या हातावर गोळ्या ठेवतो," दादा म्हणाला. "काय गं, घेतेस ना?"

वहिनी खाली बघत राहिली.

डॉक्टरबाईंनी दादाला बाहेर बसायला सांगितलं. मी, कॉलेजात जाणारी नणंद... मला कोणी ऊठ म्हटलं नाही, म्हणून तिथेच राहिले.

"आता सांग, कुठली गोळी चुकते?" त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता.

वहिनी रडायलाच लागली. "ती पाण्याची. घेतली की सारखं लघवीला जावं लागतं हो... साकीनाक्याला बस अडकली की हलतच नाही. बाईमाणसाने उतरून जायचं कुठे? कारखान्यात दोनदा उठलं की सुपरवायझर सगळ्यांसमोर विचारतो. म्हणून टाकून देते ती."

तिच्या मिठावर, हाताच्या व्यायामावर अख्ख्या घराचं लक्ष. आई तर 'घे गो बाय गोळी' म्हणत मागे असायची. पण घेतल्यावर काय होतं, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं.

"चारला घरी येतेस ना? मग ही तेव्हा घे, चहाबरोबर. बाकीच्या सकाळीच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण मनाने बंद करायची नाही. दुसरा झटका विचारून येत नाही. काही अडलं तर इकडे ये, एकटी आलीस तरी चालेल."

वहिनी डोळे पुसता पुसता हसली.

बाहेर आल्यावर तिने दादाला सगळं सांगितलं, हळू आवाजात, रस्त्यातच. वर म्हणाली, "अहो, उद्यापासून माझ्या गोळ्या मी घेणार. तुम्ही हातावर ठेवायच्या नाहीत. चुकली तर मीच सांगेन."

दादा म्हणाला, "मला सांगायचं ना गं... बरं, घे तू."

पुढच्या वेळी प्रेशर उतरलं होतं. त्याच्या पुढच्या वेळीही. आईने देवापुढे साखर ठेवली, आणि आमच्या घराने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

डॉक्टरबाई आता नाहीत. त्यांनी त्या दिवशी दादाला बाहेर बसवलं नसतं तर... जाऊ दे. सत्तरीतली माझी वहिनी परवा फोनवर माझ्याशी तासभर भांडली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!