शिलाई मशीन गहाळ होतं का?

जानेवारी लागला की वर्षभराच्या तक्त्यापायी आमच्या कार्यालयात कुणी कुणाशी धड बोलायचं नाही. मी पोलीस खात्यात कारकून होते. वर्दी नाही, शिट्टी नाही, टेबलावर एक टाइपरायटर. ठाण्याठाण्यांतून आलेले गुन्ह्यांचे आकडे एका लांबलचक तक्त्यात भरायचे, हे माझं काम. खून, दरोडा, घरफोडी, चोरी. शेजारी मागच्या वर्षीचा आकडा आणि त्याच्यापुढं वाढ किंवा घट. असे सगळ्या जिल्ह्यांचे तक्ते वर जायचे आणि राज्यात गुन्हे वाढले की कमी झाले ते मग पेपरात यायचं. ती बातमी मी घरी सगळ्यांना दाखवायचे. सोयगावकडच्या खेड्यातून आलेली मी. माझ्या हातचं काम मुंबईपर्यंत जातं, याचं मला फार अप्रूप होतं.

आमच्या शेजारच्या खोलीत एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहायच्या. नवरा वारलेला, दोन मुली शाळेत. ब्लाऊज, परकर, ईदच्या आधी कुर्ते. सगळी गल्ली त्यांच्याकडं शिवायची. आम्ही त्यांना भाभी म्हणायचो. एकदा त्या भावाच्या घरच्या लग्नाला मुलींना घेऊन गंगापूरला गेल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी परत आल्या तर दाराचं कुलूप तुटलेलं आणि शिलाई मशीन गायब. घरात नेण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. शिवायला आलेली लोकांची कापडं जमिनीवर लोळत होती.

भाभी ठाण्यात गेल्या आणि शिक्का मारलेला एक कागद घेऊन आल्या. त्यांना उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. कागद माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "ताई, जरा देखो तो. रपट बराबर लिखे क्या?"

मी वाचलं. शिलाई मशीन गहाळ झाल्याबाबत अर्ज मिळाला, एवढंच त्यात होतं.

"भाभी, यात चोरी लिहिलेलंच नाय. मशीन हरवलं म्हणून लिहिलंय."

"हरवलं? घरमें से?" त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "क्या, पाँव से चलके गयी मशीन?"

मला हसू आलं नाही. माझ्या तक्त्यात गहाळ असा रकानाच नव्हता. हरवणं हा गुन्हा नाही. म्हणजे भाभींच्या घरी झालेली चोरी माझ्या टेबलापर्यंत कधी येणारच नव्हती. अशा किती आल्या नसतील, हा विचार त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या डोक्यात आला आणि मग गेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी भाभींबरोबर ठाण्यात गेले. तिथले एक हवालदार मला ओळखत होते. दर महिन्याला आकडे घेऊन तेच आमच्याकडं यायचे. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला.

"कुलूप तोडलंय. ही घरफोडी आहे," मी म्हणाले. "गुन्हा दाखल करा."

त्यांनी आवाज खाली घेतला. "ताई, तुमाला काय सांगावं? आमच्या घरफोड्या आत्ताच मागच्या वर्षाइतक्या झाल्यात. अजून एक चढली की साहेबाला पत्र येतं. वाढ का झाली, खुलासा करा. ते पत्र कुठून येतं, तुमाला माहीत नाय व्हय?"

माहीत होतं. ती पत्रं मीच टाइप करत होते. चहा तसाच ठेवून मी उठले. बाहेर आल्यावर भाभींनी विचारलं, "क्या बोले?" "परत येऊ," एवढंच म्हणून मी चालू लागले.

त्यानंतर आम्ही तीनदा गेलो. एकदा साहेब बंदोबस्तावर होते, एकदा मीटिंगला, एकदा नुसतंच उद्या या. भाभी एका टेलरच्या दुकानासाठी घरी बसून काज-बटणं करू लागल्या. थोरल्या मुलीचा अर्धा वेळ त्यातच जायचा.

काही महिन्यांनी ठाण्याला नवीन अधिकारी आले. भाभी आता यायलाच तयार नव्हत्या; मीच त्यांना ओढून नेलं. त्या अधिकाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं, जुना अर्ज शोधायला लावला आणि आमच्यासमोर गुन्हा दाखल केला. म्हणाले, "जुन्या मशीनवाल्यांकडं त्याच आठवड्यात बघितलं असतं तर मिळालं असतं, बाई. आता मी खोटी आशा दाखवत नाही."

मशीन मिळालं नाहीच. पण ते अधिकारी येईल त्याची फिर्याद घेत. सायकल गेली, दुकान फुटलं, बायकोला मारलं, सगळं कागदावर येऊ लागलं. जानेवारीत तक्ता भरताना त्या ठाण्याच्या ओळीवर माझा हात थांबला. वाढ, वाढ, वाढ.

आमच्या कार्यालयातले मोठे बाबू म्हणाले, "खुलासा मागवा यांचा."

"साहेब, गुन्हे वाढले नाहीत, नोंदी व्हायला लागल्यात. शेऱ्यात तसं लिहू द्या."

"शेरा द्यायला आपण कोण?"

"आधीचं सगळं गहाळमध्ये जात होतं. मी माझ्या डोळ्यांनी कागद बघितलाय."

"बाई, तक्त्यात आकडे असतात. तुमचे डोळे नसतात."

तरी मी शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ टाइप केली: नोंदणी नियमित झाल्यामुळे वाढ. दुपारी तक्ता परत आला, त्या ओळीवर तांबडी रेघ. पुन्हा टाइप करा. मी हटून बसले. "मग रजेवर जा," बाबू म्हणाले, "दुसरं कुणी करील." घरी सासूबाईंचं दुखणं होतं, नोकरी माझ्या एकटीची होती. मी ओळ काढून तक्ता पुन्हा टाइप केला आणि त्यापाठोपाठ त्या ठाण्याकडं खुलासा मागणारं पत्रही.

ते अधिकारी उन्हाळ्यात बदलून गेले. शिक्षा म्हणून की नेहमीची बदली, हे कुणी सांगितलं नाही. भाभींना तोवर कोर्टाचा कागद आला होता: चोरी झाली हे खरं, चोर सापडला नाही, तपास बंद. मी वाचून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "चलो, इत्ता तो सच लिखे." त्यांना बरं वाटलं असावं. माझं मात्र टाळकं सणकलं. एवढ्यावर का समाधान मानायचं माणसानं?

पुढच्या वर्षी त्या ठाण्यात घरफोड्या निम्म्याहून कमी झाल्या. तिथल्या नव्या साहेबांना अभिनंदनाचं पत्र गेलं. तेही मीच टाइप केलं. कार्बन लावून दोन प्रती काढल्या, सही घेतली आणि एक फाईलला लावली.