साहेबाच्या मनात भरलो!

माझ्या इंग्रजीची अब्रू आज मीच वेशीवर टांगतो. चहा घ्या, अन् ऐका!

पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीला नवा कारखाना निघाला होता, कारकुनांच्या जागा होत्या. परीक्षा इंग्रजीत. आमच्या भोसरीत मॅट्रिक झालेला मी एकटाच! महिनाभर व्याकरण असं घोकलं, की झोपेतसुद्धा क्रियापदं चालवायचो.

परीक्षेच्या खोलीत गोरा साहेब स्वतः कागद वाटत होता. मी खुर्चीच्या टोकावर, घामाघूम. माझ्यापाशी आला, कागद दिला आणि हसून म्हणाला, "मेक युवरसेल्फ ॲट होम!"

मी लगेच वाक्याची फोड केली. मेक म्हणजे करणे. युवरसेल्फ म्हणजे स्वतः. ॲट होम म्हणजे घरी. 'घरी जाऊन स्वतः कर!' काय देवमाणूस हो!

"थँक्यू सर!" म्हणालो, कागद खिशात घातला अन् निघालो. बाकीचे माना खाली घालून खरडत होते. मला त्यांची कीव आली, राव!

घरी पोचलो, तर दारातच वडील, आमचे आबा, म्हणाले, "एवढ्यात झाली व्हय परीक्षा?"

"न्हाई आबा. साहेबानं घरी सोडवायला दिलीया."

"मंग बस की! ए, गप बसा रं समदी!" आबांनी बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळासुद्धा उतरवल्या.

एका प्रश्नाला अडलो, म्हणून शाळेतल्या मास्तरांना गाठलं. कागद बघून ते दचकलेच.

"हा घरी कसा आला?"

मी ऐटीत साहेबाचं वाक्य ऐकवलं. मास्तरांनी कपाळावर हात मारला.

"गाढवा! 'घरच्यासारखा निवांत बस' म्हणाला तो!"

सायकल दामटत पिंपरी गाठली. साहेब निघायच्या बेतातच होता. तोडक्यामोडक्या इंग्रजीत सगळी हकिकत सांगितली. साहेब टेबल धरून हसला! मग डोळे पुसले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "वुई विल कीप यू इन माइंड."

पुन्हा फोड. कीप म्हणजे ठेवणे. माइंड म्हणजे मन. साहेब मला मनात ठेवणार! म्हणजे काय? मी साहेबाच्या मनात भरलो!

मग काय विचारता! पेढे घेतले, वेशीपासून वाटत आलो. आबांनी फेटा चढवला अन् चावडीवर जाऊन जाहीर केलं, "पोरगं साहेबाच्या मनात भरलं!"

मास्तरांपुढे पेढा धरला. त्यांनी तोंडात टाकला अन् विचारलं, "साहेब नेमकं काय म्हणाला?"

मी सांगितलं. मास्तर चावायचे थांबले.

"अरे बाळा," ते हळूच म्हणाले, "नोकरी द्यायची नसली, की साहेब लोक असंच म्हणतात."

आता गावानं गिळलेले पेढे परत कसे मागायचे, सांगा!

आजही आमच्याकडे कुणी नोकरीचे पेढे आणले, तर लोक पेढा हातातच धरतात आणि आधी विचारतात, "खरंच लागलीया, का साहेबानं मनात ठेवलंया?"