खोक्यांवरची गावं

हमूद बिन सालिम मस्कतच्या विमानकंपनीत नेमकं काय करतो, हे त्याच्या सख्ख्या भावांनाही तीस वर्षांत कधी नीट सांगता आलं नाही. नवीन विमान कुठल्या गावाला सोडायचं हे ठरवायचं काम, असं त्यानं एकदा निझ्वाला, आपल्या गावी, ईदच्या जेवणात समजावून पाहिलं. थोरला भाऊ म्हणाला, "त्यात ठरवायचं काय? लोकांना जिथं जायचंय तिथं सोडायचं!" आणि पुन्हा मटणाकडे वळला.

हमूदला राग आला नाही. अख्खी नोकरी भावानं एका घासात सांगून टाकली होती. अडचण एवढीच, की आपल्याला कुठं जायचंय हे लोक कंपनीला सांगत नाहीत. ते तिकीट काढतात, आणि तिकीट मिळतं ते विमान जिथं जातं तिथलंच. त्यामुळे हापिसातल्या संगणकाची अशी ठाम समजूत होती, की सगळा इजिप्त कैरोतच राहतो.

हमूदनं यावर आपला उपाय काढला होता. शुक्रवारची नमाज आटोपली की तो विमानतळावर जाई आणि कैरोच्या रांगेच्या कडेकडेनं चालू लागे. प्रत्येकाच्या सामानाच्या गाडीवर दोरीनं करकचून बांधलेलं एक पुठ्ठ्याचं खोकं असे. त्यावर जाड काळ्या पेनानं नाव, फोन आणि गाव. तिकिटावर सगळे कैरोचे. खोक्यांवर मात्र तहता, अखमीम, तिमा, गिरगा. सगळी सोहागच्या आसपासची, वरच्या नाईलकाठची गावं, कैरोहून आगगाडीनं आठ तासांवरची. हमूद ती वहीत टिपून घेई आणि विचारी, "घरी सगळे बरे?" लोकही मग घरचं सगळं सांगत. कुणाचा जावई आळशी, कुणाच्या म्हशीला रेडकू झालेलं.

हे काम म्हणून चाललंय असं तो सांगे. खरं म्हणजे बायको झुवैना जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि शुक्रवारची दुपार ही मस्कतमध्ये दुसऱ्यांच्या घरी भरलेल्या ताटाभोवती बसलेली असते. भाऊ बोलवायचे. पण तिथं प्रत्येकाच्या मांडीवर कुणी ना कुणी असे, आणि हमूदच्या मांडीवर कुणीतरी कीव करून उशी आणून ठेवी.

उरलेल्या दिवसांना अम्म गाद होता.

अम्म म्हणजे काका. हापिसात चहा करणारा हा गिरग्याचा म्हातारा सगळ्यांचाच काका. बावीस वर्षं त्याच एका चिंचोळ्या खोलीत, त्याच एका किटलीशी. त्याचा चहा इतका उकळलेला, की चमचा उभा राहावा. रोज दहा वाजता हमूद तिथल्या स्टुलावर जाऊन बसे. अम्म गाद त्याला बाशा म्हणे, म्हणजे साहेब.

"काय हमूद बाशा, आज कुठल्या देशाचं भलं करणार?"

"तिबिलिसी म्हणतायत."

"तिथं काय आहे?"

"थंडी."

"म्हणजे लोक पैसे देऊन थंडी खायला जाणार! आणि म्हणे आम्ही वरच्या नाईलचे लोक अडाणी." मग तो ठरलेलं वाक्य टाकी, "ज्या दिवशी तुमचं विमान सोहागला उतरेल ना, त्या दिवशी ही किटली खाली ठेवीन आणि चालता होईन. सनिय्याला शब्द दिलाय."

सनिय्या त्याची बायको. दोन वर्षांतून एकदा तो तिच्याकडे जाई. त्यातले चार दिवस जाण्यायेण्यात जात. सोहागला विमान म्हणजे उंटाला शिंगं, अशा थाटात दोघं हसत. बावीस वर्षं हसले.

त्या वर्षी कंपनीनं एक नवीन विमान घेतलं, आणि आठवड्याच्या तीन फेऱ्या कुठल्या तरी एकाच गावाला द्यायच्या ठरल्या. बैठकीच्या आधीच्या गुरुवारी हमूदनं वहीतल्या वर्षभराच्या खुणा एकत्र केल्या. कैरोच्या रांगेतलं दर तिसरं खोकं सोहागकडचं होतं. त्यानं पुन्हा मोजलं. मग वही मिटली, खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं. त्या खणाला कुलूप आहे हे त्याला त्याच दिवशी कळलं.

रविवारी बैठक. खात्याची प्रमुख युसरा, वय चौतीस, हुशार पोरगी. तिनं पडद्यावर संगणकाची यादी लावली. तिबिलिसी पहिलं. सोहाग कुठंच नाही. असणार कसं?

"आणखी कुणाला काही सुचवायचंय?" युसरानं विचारलं. "हमूद काका?"

हमूदनं मान हलवली. नाही.

तेवढ्यात अम्म गाद तबक घेऊन आत आला. सगळ्यांपुढे त्यानं कप ठेवले, आणि हमूदपुढे त्याचा वेगळा, बिनसाखरेचा. हमूदला साखरेचा आजार निघाल्यापासून, कुणी सांगितलेलं नसताना, तो न चुकता वेगळा यायचा. वर कानाशी पुटपुटला, "चेहरा का असा? थंडी वाजतेय का आत्तापासून?"

हमूदनं कपाकडे पाहिलं. हा कप समोर घेऊन गप्प बसणं त्याला जमेना.

"एक गाव आहे," तो म्हणाला. "सोहाग."

तबक दारात थांबलं.

"आधार काय, काका?"

"खोकी."

सगळे हसले. युसरा हसली, पण शुक्रवारी त्याच्याबरोबर रांगेत आली. पहिल्या दहा खोक्यांपर्यंत तिला गंमत वाटली. तिसाव्यानंतर ती न बोलता मोजू लागली. शेवटी म्हणाली, "ही माणसं आपल्याला हे कधीची सांगतायत, काका. वाचलं कुणी नाही."

सहा महिन्यांनी सोहागची फेरी जाहीर झाली. हमूद दहा वाजता स्टुलावर जाऊन बसला. अम्म गादनं त्याचा बिनसाखरेचा कप पुढे ठेवला.

"बाशा, तुम्ही हे मुद्दाम केलंत?"

"मी कशाला? खोक्यांनी केलं."

"मी आपलं बोलून गेलो होतो. बावीस वर्षं बोलायला काय जातं?" अम्म गादनं फडक्यानं पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला. "पण सनिय्यानं रेडिओवर ऐकलं. म्हणाली, आता कुठली सबब सांगतोस बघू."

नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्यानं हमूदसाठी मस्कतच्या रीतीची, वेलदोड्याची कॉफी केली. पुरे झालं की छोटा कप हलवून परत द्यायचा, हे दोघांनाही ठाऊक होतं. हमूदनं कप हलवला नाही. तो ओतत राहिला, हमूद पीत राहिला. सातव्या कपाला अम्म गाद म्हणाला, "बाशा, झोप उडेल." हमूद म्हणाला, "उडू दे."

विमानतळावर अम्म गादनं काळं पेन त्याच्या हातात दिलं. "तुम्ही लिहा. माझं अक्षर माझ्या बायकोलाही लागत नाही." इतकी वर्षं हमूदनं खोकी वाचली होती, लिहिलं मात्र पहिल्यांदा. नाव. फोन. गिरगा. अक्षर जरा वाकडं आलं. पुठ्ठा ओला असेल.

चहाच्या खोलीत यंत्र बसलं. त्यावर साखर कमी करायची कळ होती. ती रोज नव्यानं दाबावी लागे. स्टूल कुणीतरी उचलून नेलं.

तीन महिन्यांनी युसरा आकडे घेऊन आली. "काका, सोहागला जाताना विमान गच्च आणि येताना अर्धं रिकामं. खोकी काय म्हणतात?"

"येताना कुणाकडे खोकं नसतं, पोरी," हमूद म्हणाला. घरची वाट सोपी झाली की काही जण परत येत नाहीत, हे तिचं तिला कळेल.

अम्म गादचा फोन आला. मागं कोंबड्या, नातवंडं आणि सनिय्याचा आवाज. "परतीचं विमान रिकामं असतं म्हणे? मग या की! परत जायला जागाच जागा."

"इन्शाल्ला."

"हे येणाऱ्याचं इन्शाल्ला की टाळणाऱ्याचं?"

हमूद हसला. फोन ठेवल्यावर रिकामं घर पुन्हा आपल्या जागी येऊन बसलं. तीस वर्षांत कंपनीच्या फुकटच्या तिकिटावर तो स्वतःसाठी कुठंच गेला नव्हता. त्यानं एक खोकं शोधलं. बरका गावचा हलवा, खजूर, ऊद, नातवंडांसाठी टोप्या. दोरी करकचून बांधली आणि काळं पेन उघडलं. नाव लिहिलं, फोन लिहिला. गावापाशी हात थांबला. खोक्यावर गाव लिहायचं ते आपली माणसं असतात तिथलं. बऱ्याच वेळानं त्यानं लिहिलं: गिरगा.

शुक्रवारी तो सोहागच्या रांगेत उभा राहिला, इतरांसारखाच गाडीवर हात ठेवून. गावाचं नाव दिसेल असं खोकं त्यानं जरा बाहेरच्या बाजूला वळवून ठेवलं होतं. पण रांगेच्या कडेनं खोकी वाचत जाणारं त्या दिवशी कुणी नव्हतं.